फवारणी, फ्लोरिडातले ॲलिगेटर आणि तुमचा सिमेन रिपोर्ट

प्रश्न असा आलाय: वय ३१, निफाड तालुका, सहा एकर द्राक्षबाग, बारा वर्षं ब्लोअरवर स्वतः फवारणी. चौदा महिने झाले, दिवस राहत नाहीत. पत्नी २७ वर्षांची, तिच्या तपासण्या व्यवस्थित. डिसेंबरात केलेल्या सिमेन रिपोर्टमध्ये काउंट १२ मिलियन, हालचाल २८ टक्के, नॉर्मल आकाराचे शुक्राणू ३ टक्के. डॉक्टर म्हणाले, थेट आयव्हीएफ करा. त्यात रात्री मोबाईलवर वाचलं की औषधांमुळे अमेरिकेत मगरींचं लिंग आखूड झालं आणि नर बेडकांच्या माद्या झाल्या. ‘माझंही फवारणीमुळेच झालं का? बाग विकू का? की जनावरांवरच्या संशोधनाचा माणसाशी काही संबंध नसतो, नुसतं घाबरवतात?’

दादा, बाग विकू नका. निदान या एका रिपोर्टवर तरी नको. बाकीचं सांगायला जरा वेळ लागेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नात माझं सगळं आयुष्य गेलंय, म्हणून तिथूनच सुरू करते. मी मूळची प्राणिशास्त्राची. पहिली नऊ वर्षं जंगलातून लेंड्या आणि विष्ठा गोळा करण्यात गेली, पुढची सतरा वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये. माझी आत्या अजून म्हणते, ‘एवढी शिकली, पण हिचं काम कायम घाणीतलंच.’ चितळाच्या लेंड्या आणायच्या, वाळवायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, काड्याकुड्या चाळून काढायच्या, अल्कोहोलमध्ये ढवळून अर्क काढायचा आणि त्यात प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचे उरलेसुरले अंश किती ते मोजायचं. मादी गाभण आहे की नाही ते तिला हातही न लावता कळतं. हैदराबादला सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संस्थेची लाकोन्स नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे हे काम चालतं.

लॅब बदलली तेव्हा मला वाटलं होतं की सगळं नव्याने शिकावं लागेल. तसं झालं नाही, कारण टेस्टोस्टेरॉन हे नराचं आणि इस्ट्राडिओल हे मादीचं संप्रेरक, म्हणजे शरीरात निरोप पोचवणारे रेणू, चितळात, मगरीत आणि माणसात तेच आहेत. अगदी तेच, अणूला अणू. मगर आणि आपण कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालो, पण निरोप्या तोच राहिला. त्यामुळे एखादं रसायन या निरोप्याच्या कामात लुडबूड करत असेल, तर ते मगरीत करतं आणि माणसाला सोडून देतं असं गृहीत धरता येत नाही. संबंध आहे तो हा. पण ‘होऊ शकतं’ आणि ‘तुम्हाला झालंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोबाईलवरच्या बातमीत नेमका तोच फरक गळतो.

आता त्या मगरी. त्या मगरी नव्हेत, ॲलिगेटर. फ्लोरिडात ऑर्लँडो शहराजवळ अपॉप्का नावाचं मोठं तळं आहे. १९८० साली काठाजवळच्या टॉवर केमिकल कंपनीतून डायकोफॉल हे कोळीनाशक सांडून तळ्यात गेलं, आणि त्यात डीडीटीचीही भेसळ होती. त्याशिवाय भोवतालच्या भाजीपाल्याच्या शेतांचं पाणी कितीतरी वर्षं तळ्यातच सोडलं जात होतं. पुढच्या सातएक वर्षांत तिथल्या लहान ॲलिगेटरांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी खाली आली. लुई गिलेट हे फ्लोरिडा विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ. ते काही विष शोधायला निघाले नव्हते. राज्यात ॲलिगेटरांची अंडी गोळा करून पिल्लं वाढवण्याचा धंदा उभा राहत होता, आणि कोणत्या तळ्यातून किती अंडी उचलली तर चालतील एवढंच बघायचं होतं. अपॉप्काची अंडी मात्र धड फुटतच नव्हती.

१९९४ साली त्यांच्या गटाने सहा महिन्यांच्या पिल्लांचा अभ्यास छापला. तुलनेला वुड्रफ हे स्वच्छ तळं घेतलं होतं. अपॉप्कातल्या नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन वुड्रफच्या मादी पिल्लांइतकं खाली होतं. माद्यांत इस्ट्राडिओल जवळजवळ दुप्पट. त्यांच्या बीजांडकोशात एकेका पिशवीत एकाऐवजी अनेक बीजं. तुम्ही वाचलेली लिंगाची गोष्ट दोन वर्षांनी आली, साधारण पाव भागाने लहान. आणि १९९५ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की डीडीटी मोडून तयार होणारं डीडीई हे रसायन टेस्टोस्टेरॉनची जागा अडवून बसतं. कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं: उघडत तर नाही, आणि खरी किल्लीही आत जात नाही.

एका पिशवीत अनेक बीजं, हे चित्र माणसांच्या प्रजननावर काम करणाऱ्यांनी आधी पाहिलेलं होतं. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी म्हणून १९४० च्या दशकापासून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. १९५३ च्या चाचणीत त्याचा उपयोग होत नाही असं दिसलं, तरी देत राहिले. १९७१ मध्ये बोस्टनमधून बातमी आली की त्या बायकांच्या मुलींना, त्या वयात येताना, योनीमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कॅन्सर होतोय. आईला तो झाला नाही. गोळी आईने घेतली आणि भरपाई वीस वर्षांनी मुलीने केली. डीईएस दिलेल्या उंदरांच्या पिल्लांत ती अनेक बीजांची पिशवी दिसत असे. गिलेट पुढे २०१० मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या वैद्यकीय विद्यापीठात गेले, तेही प्रसूती व स्त्रीरोग विभागात. मगरींचा माणूस बाळंतपणाच्या डॉक्टरांमध्ये बसतो याचं तेव्हा अनेकांना हसू आलं असेल, मला अजिबात आलं नाही.

दादा, या सगळ्यात मला तुम्हाला दाखवायचंय ते लिंगाचं माप नाही. वेळ दाखवायची आहे. अपॉप्कात मोठी जनावरं पोहत होती, खात होती, अंडी घालत होती. घोटाळा अंड्याच्या आत झाला होता, अवयव घडत असताना. माणसात मुलग्याचे अवयव घडण्याचा हा नाजूक काळ गर्भारपणाच्या साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्याचा. वृषणात शुक्राणूंना वाढवणाऱ्या ज्या दायीपेशी असतात, त्यांना सर्टोली पेशी म्हणतात, त्यांची संख्याही गर्भात आणि लहानपणीच ठरते. मोठेपणी किती शुक्राणू तयार होतील याची कमाल मर्यादा तीच. मोठा झालेला माणूस त्या औषधाखाली आला तर जे होतं ते वेगळं असतं, आणि पुष्कळदा भरून येणारं असतं.

मोठ्या माणसाची गोष्ट आपल्याला नीट ठाऊक आहे, कारण ती घडलीय. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी ऑक्सिडेंटल कंपनीचा कारखाना होता. तिथे डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक बनत असे. १९७७ साली कामगारांच्याच आपसातल्या बोलण्यात निघालं की त्या विभागातल्या पुरुषांना बऱ्याच दिवसांत मूल झालेलं नाही. पाच जणांनी नमुने दिले. शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. मग सगळ्यांची तपासणी झाली आणि जितकी वर्षं नोकरी जास्त तितका काउंट कमी, असं सरळ दिसलं. संताप येतो तो याचा, की उंदरांची वृषणं या औषधाने आकसतात हे १९६१ मध्येच छापून आलेलं होतं. सोळा वर्षं कुणी कारखान्यातल्या माणसांना साधं विचारलं नाही. अमेरिकेत १९७९ ला बहुतेक वापर बंद झाला, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते चालू राहिलं आणि एकट्या कोस्टारिकात हजारो मजुरांना वंध्यत्व आलं. भारतात त्यावर १९८९ पासून बंदी आहे, म्हणजे तुमच्या बागेत ते येण्याचा प्रश्न नाही. तुमच्यासाठी त्यातला कामाचा भाग पुढचा आहे. ज्यांचा काउंट कमी झाला होता पण शून्य नव्हता, त्यांच्यातल्या बहुतेकांचा काम सुटल्यावर सुधारला. जे बराच काळ शून्यावर होते, त्यांच्यातल्या अनेकांचा परत आला नाही. तुमचा १२ आहे.

आपल्याकडची नोंदही सांगते. केरळात कासरगोडला काजूच्या मळ्यांवर वीसहून अधिक वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या पाद्रे गावातली १० ते १९ वयाची मुलं तपासून २००३ मध्ये अहवाल छापला: वयात येणं लांबलेलं, टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने कमी. देशात ते बंद व्हायला २०११ उजाडलं. या मुलांनी पंप पाठीवर घेतला नव्हता, ती फक्त त्या गावात वाढत होती. पुन्हा तीच वेळेची गोष्ट.

आता दुसरी बाजू, कारण आमच्या क्षेत्रात फसायला होतं ते इथे. त्याच फ्लोरिडात, साधारण त्याच वर्षांत, तिथल्या रानटी पँथरमध्ये, म्हणजे प्यूमा जातीच्या मोठ्या मांजरांमध्ये, अर्ध्याहून अधिक तरुण नरांची एक किंवा दोन्ही वृषणं खाली उतरलेली नसायची. शुक्राणू वाकडेतिकडे. ॲलिगेटरांची बातमी ताजी होती, म्हणून तज्ज्ञांनीही लिहिलं की हेसुद्धा संप्रेरकांत ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांचंच काम असावं. पटण्यासारखंच होतं. पण पँथर उरले होते वीस-तीस, आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या, त्यातल्या पाचांना पिल्लं झाली. त्या मिश्र पिल्लांत वृषणाचा दोष जवळपास दिसेनासा झाला. पाणी तेच होतं, शिकार तीच होती, रसायनं होती तिथेच होती. बदललं होतं फक्त रक्त.

म्हणून माझ्याकडे कुणी ‘फवारणीमुळेच ना?’ असं विचारत आलं की मला पँथर आठवतात. बाकीचं तपासल्याशिवाय औषधावर ठपका ठेवला की खरं कारण बाजूला राहतं. तुमच्या बाबतीत पहिलं बघायचं ते व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या असणं. साध्या पुरुषांत शंभरात पंधराएक जणांना असतं, मूल न होणाऱ्या पुरुषांत पस्तीस-चाळीस जणांना. ते मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, डॉक्टरांनी उभं करून हाताने तपासावं लागतं. तुम्हाला कुणी असं तपासलं का? प्रश्नात तरी तसं लिहिलेलं नाही. दुसरं, जिममध्ये कुणी इंजेक्शनं दिलीत का? हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदू वृषणाला ‘तू बस आता’ म्हणतो आणि काउंट शून्यावर जातो. पिळदार दंडाची पोरं रिपोर्ट बघून रडताना पाहिलीत. तिसरं, सप्टेंबर-ऑक्टोबरात ताप, डेंग्यू, चिकुनगुनिया? मोठ्या तापाचा फटका दोन-अडीच महिन्यांनी दिसतो, कारण एक शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला जवळजवळ तेवढा काळ लागतो. तंबाखू आहेच. आणि लहानपणी वृषण खाली आलं नव्हतं म्हणून ऑपरेशन झालं होतं का, ते आईला विचारा.

आता रिपोर्टकडे या.

न्यूबॉअर चेंबर म्हणजे जाड काचेची पट्टी, तिच्यावर केसाहून बारीक जाळी कोरलेली. वीर्य आधी अर्धा तास पातळ होऊ द्यायचं, नीट मिसळायचं, मापून पातळ करायचं, काचेखाली थेंब सोडायचा आणि पट्टी ओल्या डबीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, म्हणजे शुक्राणू जाळीवर खाली बसतात. मग डाव्या हातात काउंटर घेऊन एका बाजूला दोनशे मोजायचे, दुसऱ्या बाजूला दोनशे. दोन्हींत फार फरक पडला तर पुसून पुन्हा. चारशे मोजले तर चूक पाच टक्क्यांच्या आसपास राहते, पंचवीसच मोजले तर वीस टक्क्यांवर जाते. यात पाऊण तास सहज जातो. मी अशी लॅबही पाहिलीय जिथे स्लाइडवर थेंब टाकून, वर काच ठेवून, एका नजरेत ‘दहा-बारा असतील’ म्हणत आकडा भरतात. तुमचा १२ कोणत्या जातीचा आहे ते मला माहीत नाही. लॅबला विचारा: चेंबर कोणता, किती मोजले. ज्यांनी नीट मोजलंय त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

जगभर काउंट निम्म्यावर आल्याच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. १९९२ साली डेन्मार्कच्या गटाने ६१ अभ्यास एकत्र करून सांगितलं की ५० वर्षांत सरासरी ११३ वरून ६६ मिलियनवर आली. २०१७ मध्ये १८५ अभ्यासांची बेरीज आली, पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ मध्ये पन्नास टक्क्यांहून जास्त घट. घट आहे, असंच माझंही मत आहे. पण १९४० च्या दशकात कोणी, कसं, कोणत्या पुरुषांचं मोजलं आणि आज कोणाचं मोजतात यात इतका फरक आहे की निम्म्याच्या त्या आकड्यावर मी शपथ घेणार नाही. आणि ११३ काय, ६६ काय, दोन्ही आकड्यांना मूल होतं.

जागतिक आरोग्य संघटनेची सध्याची खालची रेषा दर मिलीला १६ मिलियनची. ती कुठून आली माहितेय? वर्षभराच्या आत ज्यांच्या बायकोला दिवस राहिले अशा पुरुषांचे आकडे रांगेत लावले आणि तळातल्या पाच टक्क्यांपाशी रेघ मारली. म्हणजे त्या बाप झालेल्या शंभरातले पाच जण रेषेच्या खालीच होते. १२ म्हणजे उशीर होऊ शकतो. होणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय तुम्ही व्हॉल्यूम लिहिलेलं नाही. १२ मिलियन गुणिले साडेतीन मिली म्हणजे ४२, आणि एकूण संख्येची रेषा ३९ आहे.

हालचाल २८ टक्के. नमुना घरी काढून नेलात का? डिसेंबरात निफाडला काय गारठा असतो ते मला सांगू नका. आमच्याकडे एक जण जानेवारीत पहाटे मोटारसायकलवर पस्तीस किलोमीटर आला होता, डबी जॅकेटच्या बाहेरच्या खिशात. हालचाल ११ टक्के. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. आठवड्याने लॅबमधल्याच खोलीत नमुना द्यायला लावला, तर ४६. काही केलं नव्हतं, फक्त थंडी वगळली होती. आणायचंच तर अंगाला लागून, शर्टाच्या आत, आणि तासाभरात.

आणि तो ३ टक्के नॉर्मल आकार, ज्याने बहुतेकांची झोप उडते. तिथे मला चित्ता आठवतो. १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चित्त्यांचं वीर्य तपासलं, तर सत्तर टक्क्यांहून जास्त शुक्राणू सदोष. कोंडलेल्या चित्त्यांना पिल्लंही होत नव्हती, म्हणून सगळ्यांनी दोन गोष्टी जोडल्या: वीर्य खराब, म्हणून पिल्लं नाहीत. पुढे कळलं की रानातल्या चित्त्यांचं वीर्यही तसंच असतं आणि त्यांना पिल्लं होतात. प्राणिसंग्रहालयात नर-मादीला कायम शेजारी ठेवत होते आणि मादीला तेच नको होतं. वेगळं ठेवून वेळेवर भेटवायला लागल्यावर फरक पडला. माणसात तर नॉर्मल आकाराची रेषाच ४ टक्के आहे. म्हणजे ठणठणीत बापाचेही शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असू शकतात. ३ आणि ४ मधला फरक तपासणाऱ्याच्या डोळ्याचाही असतो. चित्त्यांवरून आणखी एक आठवलं, विचारायला अवघड असलं तरी विचारते: पाळीच्या मधल्या दिवसांत तुम्ही दोघं भेटता ना? डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवण्याच्या धावपळीत, रात्री पाण्याची पाळी, सकाळी सहाला मजूर. कितीतरी जोडप्यांत अडचण एवढीच निघते.

मग फवारणी निर्दोष का? नाही.

तुम्ही वाचलेल्या बेडकांचा प्रयोग २०१० चा. तणनाशक ॲट्राझिनच्या अगदी पातळ द्रावणात वाढवलेल्या चाळीस नर बेडकांपैकी चार पूर्ण माद्या झाल्या, अंडी घालणाऱ्या. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि अजून आहे. त्या प्रयोगातल्या जातीचा बेडूक जन्मभर पाण्यात असतो आणि त्याची कातडी म्हणजे चाळणीच. ‘आपली कातडी तशी थोडीच आहे,’ असं तुम्ही म्हणाल. एक जागा तशी आहे. १९७० च्या सुमारास माणसांवर झालेल्या एका प्रयोगात पॅराथिऑन हे कीटकनाशक शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी लावून किती आत शिरतं ते मोजलं. पुढच्या हाताच्या मानाने अंडकोशाच्या त्वचेतून ते सुमारे बारा पट शिरलं. फवारणीवाल्याच्या अंगात औषध नाकातून जातं त्याहून जास्त कातडीतून जातं, आणि सगळ्यात जास्त जातं ते टाकीत घट्ट औषध ओतताना. मास्क लावून, उघड्या हाताने औषध कालवणारे मी कितीतरी पाहिलेत. ब्लोअरचा फवारा वाऱ्याने मागे येतो, मांड्या ओल्या होतात आणि माणूस त्याच पँटवर दुपारपर्यंत बसून राहतो. अमेरिकेत मिसुरीच्या शेतीभागातल्या पुरुषांच्या लघवीत काही कीटकनाशकांचे आणि तणनाशकांचे अंश जितके जास्त, तितकं वीर्य कमअस्सल, असं २००३ मध्ये दिसलं होतं. ते पुरुष काही फवारणीवाले नव्हते. बागेत चालणाऱ्या बुरशीनाशकांपैकी कार्बेन्डाझिम मोठ्या मात्रेत उंदरांच्या वृषणाला इजा करतं, हेही पुष्कळ प्रयोगांत आलंय. मात्रा हा कळीचा शब्द, पण तुमची मात्रा कुणी मोजलेलीच नाही. निर्यातीच्या द्राक्षांत अंश किती ते लॅब पीपीएमच्या हिशेबात तपासते. घड बांधणाऱ्याचं आणि फवारणाऱ्याचं कुणी तपासत नाही.

तेव्हा असं करा. डिसेंबरचा नमुना म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात तयार व्हायला लागलेले शुक्राणू. तुमच्याकडे तेव्हा छाटणी होते आणि पुढचे साठ-सत्तर दिवस दिवसाआड पंप चालू. माल निघाल्यावर जी मोकळीक मिळते तिच्यात ऐंशी-नव्वद दिवस औषधाला हात लावू नका आणि मग तीन ते पाच दिवस वीर्य बाहेर न पडू देता, लॅबमध्येच जाऊन नमुना द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा एक. दोन्ही आकडे वर गेले, तर फवारणीकडे बोट दाखवायला मला थोडी जागा मिळेल. थोडीच, कारण त्याच काळात तुमचा ताप, झोप आणि ताणही बदललेला असेल. दरम्यान युरॉलॉजिस्टकडून तपासणी, आणि रक्तातलं एफएसएच (मेंदूकडून वृषणाला शुक्राणू बनवण्याचा निरोप देणारं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन करून घ्या. वहिनी २७ च्या आहेत, एवढे महिने थांबणं परवडतं. त्या ३६ च्या असत्या तर मी हे सांगितलं नसतं. आयव्हीएफ वाईट नाही, पण एका रिपोर्टवर, हाताने तपासल्याशिवाय, सव्वा-दीड लाखाचा रस्ता पहिला नाही.

फवारणी पुन्हा सुरू होईल तेव्हा नायट्रिलचे हातमोजे औषध कालवताना आधी, मास्क त्यानंतर. मांडीवर आणि पुढे प्लास्टिकचा एप्रन. पँट ओली झाली तर तिथल्या तिथे बदला. गडी लावणार असाल तर त्यालाही हेच द्या, त्यालाही मुलं व्हायचीत.

आणि आता वेळेची गोष्ट पुन्हा. तुमचा काउंट खाली-वर होईल, बहुधा सावरेल. वहिनींना दिवस राहिले की मात्र घरातलं हवामान बदलायला हवं, आणि दिवस राहिल्याचं कळेपर्यंत पाच-सहा आठवडे गेलेले असतात. म्हणजे बदल आत्ताच. खोलीतल्या कोपऱ्यातल्या औषधाच्या बाटल्या शेडमध्ये न्या. फवारून आल्यावर आंघोळ घराबाहेरच्या नळावर. निफाडपासून सांगलीपर्यंत कितीतरी बागायतदारांना मी एकच प्रश्न विचारत आलेय, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: फवारणीचे कपडे घरात कोण धुतं, आणि हाताने धुतं का? तुमच्याकडे वहिनी धूत असतील तर उद्यापासून ते वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, तुम्ही धुवा.